तिसरी ओळ

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा मधे अकरा दिवस उरले होते. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास घ्यायला गळ्याच्या खालच्या बाजूला कायमचं भोक राहील आणि बोलणं बंद होईल, हे त्यांनी कोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. आईने चष्मा लावून चित्र पाहिलं. मग कागद उलटा धरून पाहिला.

"एकंदरीत सुनेचे दिवस पालटले म्हणायचे," ती घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणाली.

डॉक्टर तरुण होते. हसावं की नाही, ते त्यांना कळेना. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. मुलगी, जिला घरात आणि घराबाहेरही सगळे ताईच म्हणत, तिने चित्राच्या कागदाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली.

घरी येताना दुसऱ्या मजल्यावर आई दम खायला थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली, "गाण्याचं काय करायचं?"

"कोणतं गाणं?"

"कोणतं म्हणजे? मला काय दहा-वीस येतात? एकच तर येतं."

ते मिठागरातलं गाणं होतं. लग्नाआधी आई तिच्या आईबरोबर आणि धाकट्या बहिणीबरोबर मिठागरात मीठ ओढायला जायची. तिथल्या बायका ते म्हणायच्या. त्या बायका गेल्या, बहीण चार वर्षांपूर्वी गेली, मिठागरावर आता गोदामं उभी होती. गाणं तेवढं आईच्या तोंडात राहिलं होतं. भांडी घासताना, चादरी पिळताना, इस्त्री करताना ती ते म्हणायची, जसं कुणी स्वतःशी बोलतं तसं. घरात कुणी ते शिकलं नव्हतं. शिकायची वस्तू आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"आवाज जाईल तो जाईल," आई म्हणाली. "तो काय मी बांधून नेणार होते? पण मला ते ऐकायला तरी मिळालं पाहिजे. तू बसव ना तुझ्या त्या पियानोवर. नाहीतरी नुसता जागा अडवून बसलाय."

पियानो वडिलांनी आणला होता. ते सुतार होते. एक जुना हॉल मोडताना तिथल्या मालकाने मजुरीबरोबर तो त्यांच्या गळ्यात मारला. ताई शाळेत असताना चार वर्षं त्यावर शिकली, मग विज्ञान शाखेला गेली आणि झाकण बंद झालं. तेव्हापासून आई त्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवायची. ताई आता एकावन्न वर्षांची होती, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथे एका नमुन्याचं वाचन ती तीनदा घ्यायची. तिन्ही जुळली की सही, नाही जुळली की पुन्हा पहिल्यापासून. सव्वीस वर्षांत तिची एकही सही खोटी पडली नव्हती.

तिने रजा टाकली. पियानोवरचे कपडे उतरवले, खाली वाकून पायाने दाबायच्या पेडलांमधली जळमटं काढली आणि मास्तरांना फोन केला.

मास्तर म्हणजे तिला लहानपणी शिकवणारे. आता ऐंशीच्या पुढे होते आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. रिक्षातून उतरून, काठी टेकत येऊन त्यांनी पियानोचं झाकण उघडलं, एक पट्टी दाबली आणि तोंड वाकडं केलं.

"हा अजून जिवंत आहे? मला वाटलं, तुम्ही याचं कपाट केलं असेल."

"केलंच होतं," आई म्हणाली.

मास्तरांनी दोन दिवस खपून सूर लावून घेतले. खालच्या तीन पट्ट्या मेल्या त्या मेल्याच. बाकीचा चालेल म्हणाले. मग ताईची बोटं धरून, लहान मुलीची धरावीत तशी, त्यांनी ती पुन्हा पट्ट्यांवर बसवली. "मनगट सोड. अगं, मनगट सोड, तू काय पोळपाट धरला आहेस का?"

आईचा आवाज सकाळी कोमट पाणी प्यायल्यावर तासभर बरा असायचा. नऊ ते दहा. तेवढ्या वेळात काम उरकायचं होतं. ताईने पद्धत ठरवली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. मोबाइल तिच्यासमोर स्टुलावर. ताई पियानोसमोर, तोंड पट्ट्यांकडे, पाठ आईकडे. आई एक ओळ म्हणायची, ताई पट्ट्यांवर सूर शोधायची, वहीत लिहायची. प्रत्येक ओळ तीनदा. वहीत तिने रकाने आखले होते: ओळ, सूर, किती वेळ धरला, कुठे श्वास घेतला.

गाणं चार ओळींचं होतं आणि पुन्हा पुन्हा म्हणायचं. पहिल्या दोन सोप्या होत्या.

वाऱ्या रे, पाणी ने,
सये, मीठ ठेव.

तिसऱ्या ओळीत शब्द जवळजवळ नव्हतेच. नुसतं 'सये गं, सये गं', लांबवलेलं. ती ओळ दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या सुरावरच सुरू व्हायची, थोडी घुटमळायची आणि खाली बसायची. चौथी पुन्हा पहिलीसारखी.

"परत एकदा," ताई मान न वळवता म्हणायची.

"अगं, तेच आहे."

"तेच असू दे. तीनदा हवं."

"तुझ्या पाण्याला बोलता येत असतं तर तेही कंटाळलं असतं," आई म्हणायची आणि खोकायची, आणि पुन्हा म्हणायची.

पाचव्या दिवशी भाऊ आला. तो वेल्डर होता. रात्रपाळीवरून तसाच आला होता, भुवया जळलेल्या. दारातच उभं राहून त्याने दहा मिनिटं ऐकलं आणि ताईला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"तिचा गळा जातोय आणि तू तिच्याकडून उजळणी करून घेते आहेस? दोन दिवस बोलू दे की तिला. मुलांशी बोलू दे. माझ्याशी बोलू दे."

"तिनेच सांगितलंय."

"ती काहीही सांगेल. तुझ्या हातात वही दिसली की ती शहाण्यासारखी वागते. आपल्या सगळ्यांचंच तसं होतं."

त्या दिवशी ताईने साडेनऊलाच वही मिटली. उरलेला वेळ भाऊ आणि आई बोलत बसले, शेजारच्या घरातल्या भांडणाबद्दल, आणि आई इतकी हसली की नंतर तिला दोन दिवस आवाज फुटला नाही. ते दोन दिवस गेले ते गेलेच. ताईने भावाला कधी ते बोलून दाखवलं नाही, पण वहीत तारखा टाकून दोन रकाने कोरे ठेवले.

आठव्या दिवशी आई तपासण्यांना हॉस्पिटलात गेलेली असताना मास्तरांनी वहीवरून पूर्ण गाणं वाजवून घेतलं. दोनदा ऐकलं. मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही अशी का बसते?"

"कशी?"

"चालता चालता माणूस मटकन खाली बसावा तशी. लोकगीत असं करत नाही गं. त्यात माणसं काम करत असतात. कामात असं बसून चालत नाही."

"तिन्ही वेळा तसंच आहे, मास्तर. तीन नाही, आतापर्यंत अकरा वेळा. मी रेकॉर्डिंग पण तपासलंय. अर्ध्या सुराचाही फरक नाही."

मास्तरांनी खांदे उडवले. "तू मोजलं आहेस तर मोजलं आहेस. एक सूर मात्र दोन पट्ट्यांच्या मधला आहे, तो तुला मिळायचा नाही. पियानोला पायऱ्या असतात. उतार नसतो. जवळची पायरी धर आणि पुढे चल."

तिने जवळची पायरी धरली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी तिला गाणं न बघता वाजवता येत होतं. पण आईला ती ते वाजवून दाखवणार नव्हती. तसं आईनेच सांगितलं होतं. आवाज आहे तोवर मी म्हणते, आवाज गेला की तू वाजव, असं. त्या दिवशी आईने सुनेला, नातवंडांना, समोरच्या बाईला, सगळ्यांना काही ना काही बोलून घेतलं. हॉस्पिटलात ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून मान वर करून म्हणाली, "चला, गळेकापू वाट बघत असतील." ते तिचं शेवटचं वाक्य. कुणी तेव्हा ते शेवटचं म्हणून ऐकलं नाही.

अठरा दिवसांनी आई घरी आली. गळ्याशी भोक, त्यावर जाळीचा कपडा. श्वास त्यातून यायचा-जायचा, खोकला त्यातूनच उसळायचा. हसायला गेली तरी नुसती हवा फसकन बाहेर पडायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती स्वतःच दचकली आणि मग बराच वेळ हसली नाही. गुणगुणणंही गेलं होतं, शिट्टीही गेली होती. तोंडातून वाराच जात नव्हता. गळ्यात दोरीने पाटी अडकवली होती. आईची शाळा चौथीपर्यंतची. अक्षरं मोठी, एकेक ओढून काढलेली, आणि घाई झाली की काना-मात्रा गळायच्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाटीवर लिहिलं, "वाजव."

ताईने आईची खुर्ची या वेळी पियानोच्या अगदी शेजारी ओढली. हात पुसले. वही उघडली नाही. पहिली ओळ झाली, आईने डोळे मिटले. दुसरी झाली. आईची मान हलायला लागली, अंगठा खुर्चीच्या हातावर ठेका धरायला लागला. ताईला इतकं बरं वाटलं की तिने तिसरी ओळ जरा जास्तच मन लावून वाजवली.

अंगठा थांबला.

आईने डोळे उघडून आधी पियानोकडे पाहिलं, बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं. मग पाटी घेतली.

"ही वर जाते."

"कोणती? तिसरी? नाही, आई. खाली येते. तू तशीच म्हणालीस."

आईने पाटी पुसली. "वर जमत नव्हतं. गळा."

ताई बघत राहिली. आई लिहीत होती. खडू पाटीवर करकरत होता.

"हात वर करत होते. दर वेळी."

ताईने मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं. तिसरी ओळ आली, घुटमळली, बसली. आईने ऐकता ऐकता उजवा हात मांडीवरून उचलला आणि डोक्याच्याही वर नेला, हळूहळू, मधे एकदा थांबून, आणि तिथे बोटं उघडली. सूर खाली खाली जात होता आणि हात वर. मोबाइलने फक्त आवाज घेतला होता. आणि ताईची पाठ होती.

"मग बोलली का नाहीस?" तिचा आवाज चढला. "अकरा वेळा म्हणून घेतलं मी! एकदा तरी सांगायचं ना, की बाई, हे असं नाहीये!"

आईने तिच्याकडे नवलाने पाहिलं. बराच वेळ लिहीत राहिली. पाटी भरली.

"तुला महित हत ना. लहानपणी रोज एकलस."

ताईने ते वाचलं. लहानपणी ती पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायची तेव्हा कानात कापूस घालायची. दहावीच्या वर्षी एकदा, रसायनशास्त्राच्या पेपरच्या आधी, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडली होती, आई, बास कर ना गं ते, डोकं उठलंय. त्यानंतर आई हळू म्हणायला लागली. खालच्या पट्टीत, स्वतःपुरतं. वर जाणारी ती ओळ या घरात शेवटची पूर्ण कधी म्हटली गेली, हे ताईला माहीत नव्हतं. तेव्हाच बहुतेक.

आईने तिचा चेहरा पाहिला. तिला कळलं की नाही, हे ताईला समजलं नाही. तिने पाटी पुसली आणि लिहिलं, "लांबच्या बांधावर बाया असत. त्याना हाक. म्हणून वर."

म्हणजे ती ओळ हाक होती. चार वाफे पलीकडे पाठ वाकवून मीठ ओढणाऱ्या बाईच्या कानावर पडावी म्हणून वर फेकलेली. मास्तर म्हणाले होते ते खरं होतं, कामात असं बसून चालत नाही. ताई रोज सकाळी वजनकाटा आधी तपासून मगच वापरायची. काटा वाकडा असेल तर शंभर वेळा तोलून शंभर वेळा तीच चूक येते, हे ती दरवर्षी नव्या मुलींना शिकवायची.

"शोधू या," ती म्हणाली. "तू आहेस ना. मी एकेक पट्टी दाबते. तू हो-नाही सांग."

त्या दुपारपासून त्या शोधायला बसल्या. ताई दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या सुरावरून एकेक पट्टी वर जायची. आई मानेने नाही म्हणायची. नाही. नाही. मग एकदम बोट उचलायची: हा. सर्वांत वरचा सूर पहिल्याच दिवशी सापडला आणि दोघींना वाटलं, झालंच. पण तिथपर्यंत जायचं कसं, ते सापडेना. एका दमात नाही. पायऱ्यापायऱ्यांनीही नाही. हात जिथे मधे थांबायचा तिथे काहीतरी होतं, सूर मागे ओढल्यासारखं, आणि मग सुटल्यासारखं. ताई वाजवायची, आई मान हलवायची. दुसरं वाजवायची, आई मान हलवायची. आईचा गळा आतल्या आत हलायचा, काहीतरी म्हणायला गेल्यासारखा, आणि भोकावरची जाळी फडफडायची.

मास्तर आले. त्यांनी सहा वळणं सुचवली, सगळी देखणी. आईने सहाही नाकारली. "तुझी आई मोठी परीक्षक आहे," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

भावाने त्याला आठवतं ते शिट्टीवर वाजवून दाखवलं. आईने त्याच्या गालावर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

शोधायला लागल्यापासून नवव्या दिवशी आईने एका वळणाला हो म्हटलं. ताईने ते लिहून घेतलं. दहाव्या दिवशी तेच वाजवलं तर आईने नाही म्हटलं. मग हो. मग कपाळाला हात लावून बसली. पाटी ओढून घेतली.

"थांब. चुकीच एकून माझ्या डोक्यात पण चुकीच बसतय."

ताईने हात उचलले. खाली रस्त्यावर कुणीतरी पत्र्याचा डबा ओढत नेत होतं.

"दोन दिवस नको," ताई म्हणाली. "कान शांत होऊ दे."

दोन दिवस झाकण बंद राहिलं. ताई प्रयोगशाळेत जाऊन आली. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आईने आपणहून खुर्ची ओढली. ताईने गाणं पहिल्यापासून वाजवलं, आणि तिसऱ्या ओळीला तिला नव्याने सुचलेलं एक वळण घेतलं. मधे थांबा, एक सूर मागे, मग सरळ वर.

आईने डोळे उघडले. मान हलवली: हो. पुन्हा हलवली. खडू घेऊन लिहिलं, "हेच."

"नक्की?"

"हेच हेच."

ताईने ते पुन्हा वाजवलं, आईने पुन्हा मान डोलावली. आता वहीत लिहायचं, एवढंच राहिलं होतं. पण तिचे हात पट्ट्यांवरच राहिले. तिने तिसऱ्यांदा वाजवायला घेतलं, आणि काही ठरवायच्या आत तिच्या बोटांनी मधला थांबा गाळला आणि वरच्या सुराच्या जागी त्याच्या आधीची पट्टी दाबली. तो सूर आईने पहिल्या दिवशी ठामपणे नाकारला होता.

आईने मान डोलावली. तसंच हसली. पाटीवरचं 'हेच हेच' तिने पुसलंही नव्हतं, तेच बोटाने दाखवलं.

ताईने तिच्याकडे पाहिलं. आईची नजर पियानोकडे नव्हती. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोरगी दुसऱ्या वर्गात असताना वेडेवाकडे विणलेले मोजे दाखवायला आणते आणि आपण ते बघतच नाही, तिलाच बघतो, तसं. डोळे थकलेले होते, पाणावलेले होते, आणि त्यांत आठवण्याचा प्रयत्न कुठे दिसत नव्हता. तो तिने सोडून दिला होता. आजच सोडला की दोन दिवस झाकण बंद होतं तेव्हा, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आईने पुन्हा 'हेच' लिहिलं असतं.

"जमलं का गं?" आतून भावजयीने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "आई म्हणते, हेच."

आईने पाटी पुसून लिहिलं, "परत वाजव. सगळ. चार वेळा."

"चार वेळा कशाला?"

"मिठागरात दिवसभर म्हणत."

ताईने मनगटं सैल सोडली आणि वाजवायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. आईने डोळे मिटले, अंगठा खुर्चीच्या हातावर पडायला लागला. तिसऱ्या ओळीशी आल्यावर ताईने आईने मान डोलावलेल्या त्या दोन वळणांपैकी एक घेतलं. दुसऱ्या वेळी बहुतेक दुसरं. कितव्यांदा कोणतं वाजवलं याची तिने नोंद ठेवली नाही, आणि आईचा अंगठा कुठेच थांबला नाही.